मंत्रचळ आणि खुनाचा तपास

अगाथा ख्रिस्तीच्या पहिल्याच कादंबरीत, १९२० साली आलेल्या 'द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स'मध्ये, खुनाचा छडा लागतो तो टापटिपीच्या सवयीमुळे. हर्क्यूल पॉयरोला शेकोटीवरच्या फळीवर मांडलेल्या शोभेच्या वस्तू जरा वाकड्या दिसल्या तरी चैन पडत नाही. हात आपोआप पुढे जातो आणि तो त्या सारख्या करतो. पुढे कधीतरी त्याचा मित्र हेस्टिंग्ज सहज बोलून जातो की त्या दिवशी वस्तू सारख्या करताना तुझे हात थरथरत होते. पॉयरो ताडकन उठतो. कारण त्याच सकाळी त्याने त्या वस्तू एकदा सारख्या केलेल्या होत्या. मग त्या पुन्हा वाकड्या कुणी केल्या? ज्याने केल्या त्याने तिथे काहीतरी दडवलेलं असणार. आणि असतंच: पट्ट्या पट्ट्या करून, विस्तव पेटवायच्या कागदी सुरळ्यांत मिसळून ठेवलेलं एक पत्र. युक्ती झकास आहे. पण तिच्यासोबत रहस्यकथेच्या वाचकाच्या मनात एक समजूतही रुजली, की ज्याला बारीकसारीक गोष्टी खुपतात, ज्याचं मन एका जागी अडकून बसतं, तो माणूस तपासासाठीच जन्माला आलेला असतो.

या समजुतीचं टोक म्हणजे 'मंक' ही अमेरिकन मालिका. २००२ ते २००९ या काळात तिचे १२५ भाग झाले आणि नायकाची भूमिका करणाऱ्या टोनी शलूबला तिने तीन एमी पुरस्कार मिळवून दिले. सॅन फ्रान्सिस्कोच्या पोलीस खात्यातला हुशार अधिकारी एड्रियन मंक. त्याची बायको ट्रूडी १९९७ साली गाडीत पेरलेल्या बॉम्बने मारली जाते, आणि मुळातच असलेला त्याचा मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, इतका बळावतो की नोकरी जाते. मग तो सल्लागार म्हणून गुन्हे उकलतो, आणि उकलतो ते या आजाराच्याच जोरावर. तिसऱ्या पर्वातल्या एका भागात तो औषध घेतो. लक्षणं ओसरतात, माणूस मोकळा होतो, आणि त्याबरोबर तपासाची बुद्धीही जाते. प्रेक्षक पोट धरून हसतो, पण हसता हसता एक गोष्ट पदरात बांधून घेतो: बरा झालास तर तुझ्यातलं खास ते संपेल. किशोरवयीन वाचकांसाठीच्या इंग्रजी कादंबऱ्यांत आता हाच साचा दिसतो. वेस्ली किंगच्या 'ओसीडॅनियल'ला २०१७ साली बालसाहित्यासाठीचा एडगर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी लिसा थॉम्पसनची 'द गोल्डफिश बॉय' आणि जॉन ग्रीनची 'टर्टल्स ऑल द वे डाउन' आल्या. तिन्हींत ओसीडी असलेलं मूल आणि कुणाचं तरी गायब होणं आहे. शेवटच्या दोन्हींत घरातला एक मृत्यूही आहे. माझं म्हणणं असं की ही जोडी जितकी स्वाभाविक वाटते तितकीच ती फसवी आहे. डिटेक्टिव्हची शंका आणि मंत्रचळाची शंका वरवर सारख्या दिसतात, पण त्यांची चाल उलट दिशांची असते. रहस्यकथा शेवटी वाचकाच्या हाती पक्की खात्री ठेवते, आणि नेमकी त्या खात्रीचीच भूक हा आजार वाढवत नेतो. तेव्हा शोक आणि मंत्रचळ यांच्याबद्दल खरं लिहायचं तर लेखकाला रहस्यकथेच्या मूळ कराराशीच भांडावं लागतं.

आधी आजार कशाला म्हणायचं ते पाहू, कारण टापटिपीच्या प्रत्येक माणसाला 'ओसीडी आहे त्याला' म्हणायची आता फॅशनच झाली आहे. ओसीडीत दोन गोष्टी असतात. एक, मनात नको असताना पुन्हा पुन्हा घुसणारा विचार, चित्र किंवा ऊर्मी. आणि दोन, त्यातून येणारी अस्वस्थता शमवायला केलेली कृती, मग ते हात धुणं असो, कुलूप तपासणं असो, की मनातल्या मनात आकडे मोजणं असो. या सगळ्यात दिवसाचा तासाभराहून जास्त वेळ जात असेल किंवा जगणं अडत असेल तर निदानाचा विचार होतो. बहुतेकांना आपला विचार अवास्तव आहे हे कळत असतं, आणि दुखणं तिथेच असतं. फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ एस्किरोल याने १८३८ च्या आपल्या ग्रंथात मादमोआझेल एफ. नावाने एका बाईची हकिगत नोंदवली आहे. अठराव्या वर्षी मावशीच्या घरून निघताना तिला पहिल्यांदा धास्ती वाटली की आपल्या एप्रनच्या खिशातून तिची एखादी वस्तू तर आपल्याबरोबर जात नाही ना. पुढे दुकानाचे हिशेब करताना भीती, की आपल्या हातून कुणाचं नुकसान झालं. नाणी हाताळली की बोटांना काही चिकटून तर राहिलं नाही ना. ती बाई विचारी होती, आपली भीती खुळचट आहे हे स्वतःच सांगायची, आणि तरी हात झटकत राहायची. या मापाने पॉयरोला हा आजार नाही. वस्तू सरळ केल्यावर त्याला समाधान वाटतं आणि तो पुढच्या कामाला लागतो. मादमोआझेल एफ.ला ते समाधान कधी मिळालंच नाही. तिच्यापुढे चोरीही होती आणि संशयितही, फक्त चोरी झालेली नव्हती आणि संशयित ती स्वतः होती.

एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच डॉक्टर या आजाराला शंकेचं वेडच म्हणत, आणि आजच्या प्रयोगशाळेने त्यांची नजर खरी ठरवली. २००३ साली मार्सेल फान डेन हाउट आणि मेरेल किंट या नेदरलँड्समधल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. निरोगी विद्यार्थ्यांसमोर संगणकाच्या पडद्यावर गॅसची शेगडी ठेवली: बटणं फिरवायची, बंद करायची आणि नीट बंद झाली का ते तपासायचं. सुरुवातीला एकदा तपासल्यावर त्यांना विचारलं, कोणती बटणं तपासली ते आठवतं का, आणि किती खात्री आहे? मग एका गटाला तीच शेगडी पुन्हा पुन्हा, वीसेक वेळा तपासायला लावली, तर दुसऱ्या गटाला शेगडीऐवजी दिवे दिले. शेवटी दोन्ही गटांनी एकदा शेगडी तपासली आणि तेच प्रश्न पुन्हा विचारले गेले. वीस वेळा शेगडी तपासलेल्यांची उत्तरं दुसऱ्या गटाइतकीच बरोबर होती. स्मृती बिघडली नव्हती. बिघडला होता तिच्यावरचा विश्वास. आठवण धूसर वाटायला लागली होती, तपशील पुसट झाले होते, खात्री ढासळली होती. लक्षात घ्या, ही माणसं आजारी नव्हती. तपासण्याची कृतीच शंका पैदा करत होती. आता हाच नियम खुनाच्या तपासाला लावून पाहा. साक्षीदाराने घटनास्थळ वीस वेळा पाहिलं तर डिटेक्टिव्ह खूश होईल. पुरावा साठत जातो आणि साठला की तो थांबतो. मंत्रचळात पुरावा साठतो तसा आणखी कच्चा वाटू लागतो. मंकसारखा माणूस खरोखर असता तर गुन्ह्याच्या जागी त्याला सगळं दिसलं असतं, आणि आपण काय पाहिलं हे शपथेवर सांगायची वेळ आली की त्याची बोबडी वळली असती.

याहून खोल एक फरक आहे, आणि त्याचा संबंध अनुमानाशी आहे. मॉन्ट्रियलचे कीरन ओ'कॉनर आणि त्यांचे सहकारी यांनी ओसीडीकडे चुकीच्या अनुमानाचा आजार म्हणून पाहिलं. त्यांचं निरीक्षण असं, की रुग्ण डोळ्यांपुढच्या पुराव्यापेक्षा मनात रचलेल्या शक्यतेला जास्त वजन देतो. कुलूप लागलेलं दिसतंय, हाताला लागतंय. पण कधी कधी कुलपं नीट लागत नाहीत, शेजारच्या घरी मागे तसं झालं होतं, म्हणजे हेही लागलेलं नसणार. अशी एक नेटकी गोष्ट तयार होते आणि ती गोष्ट डोळ्यांना खोटं पाडते. आता रहस्यकथा वाचकाला काय शिकवते ते आठवा. जे समोर दिसतंय त्यावर विश्वास ठेवू नकोस. ज्याच्यावर सगळ्यांचा संशय आहे तो निर्दोष असणार. जो सगळ्यात साधा, सगळ्यात अशक्य वाटतो तोच खुनी निघणार. शक्यता जितकी दूरची तितकी ती खरी ठरण्याची संधी जास्त, हा रहस्यकथेचा अलिखित नियम आहे, आणि नेमका तोच मंत्रचळाचा तर्क आहे. दिवाणखान्यात बसून वाचताना या नियमाची गंमत वाटते, कारण लेखकाने शेवटच्या प्रकरणात उत्तर ठेवलेलं आहे हे ठाऊक असतं. सोळा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात तोच नियम चालू झाला आणि शेवटचं प्रकरण लिहायला कुणी बसलेलंच नाही, तर तिचं काय होईल, हा प्रश्न या प्रकारच्या कादंबरीने स्वतःला विचारायला हवा.

खुनाच्या गोष्टीत मंत्रचळ आणायचा तर आणखी एक गाठ टाळता येत नाही. या आजारात पिंजऱ्यात उभा असतो तो रुग्ण. १९०९ साली फ्रॉइडने प्रसिद्ध केलेली 'रॅट मॅन'ची केस यासाठी आजही वाचावी. त्याचे सिद्धांत बाजूला ठेवा, त्यातलं बरंचसं आता कुणी मानत नाही. पण त्याने टिपलेले तपशील पक्के आहेत. व्हिएन्नातला हा तरुण वडील शेवटचा श्वास घेत असताना जरा आडवा झाला होता. ती चूक सुरुवातीला त्याला फारशी बोचली नाही. वर्ष-दीड वर्षाने नात्यातल्या एका बाईचा मृत्यू झाला आणि मग मात्र तो स्वतःला गुन्हेगार समजू लागला. मध्यरात्री अभ्यास थांबवून तो दार उघडायचा, जणू मेलेले वडील बाहेर उभे आहेत. आपण गुन्हेगार आहोत अशा विचारांनी छळ केला की तो एका मित्राकडे जायचा आणि विचारायचा, तुला माझी घृणा वाटते का? मित्र म्हणायचा, नाही रे, तू सज्जन माणूस आहेस. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. खून झालेला नाही, फिर्याद नाही, तरी आरोपी रोज कबुलीजबाब द्यायला तयार. पुढे १९८५ मध्ये पॉल सॅल्कोव्स्किस या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने याच गोष्टीला नीट रूप दिलं: नको ते विचार सगळ्यांच्याच मनात येतात, आजार होतो तो त्या विचाराची अवाजवी जबाबदारी अंगावर घेतल्याने. १९७८ मध्ये रॅकमन आणि डी सिल्वा यांनी दाखवलं होतं की अगदी निरोगी माणसांपैकीही बहुतेकांच्या मनात कुणाला ढकलावं, कुणाला इजा करावी असे विचार चमकून जातात; आशयावरून रुग्ण कोण आणि निरोगी कोण हे ओळखणंही सोपं नसतं. निरोगी माणूस 'काय हे डोक्यात आलं' म्हणून ते सोडून देतो. रुग्ण सोडत नाही, कारण विचार आला म्हणजे निम्मा गुन्हा झाला असं त्याला वाटतं. म्हणूनच खुनाच्या कादंबरीत ओसीडी असलेल्या पात्राला खुनी दाखवून वाचकाला धक्का देणारा लेखक वास्तवाच्या बरोबर उलट टोकाला जाऊन बसतो. ज्याला आपल्या हातून कुणी मरेल या भीतीने सुरी हातात धरवत नाही, त्याच्यापासून कुणाला धोका नसतो.

शोक इथेच येऊन मिळतो. जवळचं माणूस गेलं की घराघरात एक चौकशी बसते: आदल्या दिवशीच डॉक्टरांकडे नेलं असतं तर, त्या गाडीने जाऊ दिलं नसतं तर, फोन उचलला असता तर. 'टोटेम अँड टबू'मध्ये फ्रॉइडने अशा बायकांचा उल्लेख केला आहे, ज्यांनी आजारी माणसाची मनापासून सेवा केली आणि मृत्यूनंतर मात्र आपल्याच हलगर्जीपणामुळे तो गेला या शंकेने त्या पोखरल्या गेल्या. सेवेची कितीही आठवण करून दिली तरी उपयोग नसायचा. साधारणपणे ही चौकशी काळाबरोबर मंदावते. काहींची मंदावत नाही, आणि २०२२ मध्ये अमेरिकी मनोविकार संघटनेने आपल्या निदानसूचीत दीर्घ शोकविकाराची भर घातली; मोठ्यांसाठी किमान वर्षभर आणि मुलांसाठी सहा महिने अशी त्याची मुदत आहे. खुनाच्या कादंबरीत हीच चौकशी बाहेर येते आणि तिला चेहरा मिळतो. 'माझं काय चुकलं' हा अनुत्तरित प्रश्न 'कुणी मारलं' या उत्तर असलेल्या प्रश्नात बदलता येतो. शोक करणाऱ्या पात्राला रहस्यकथेची ओढ का वाटते ते यातून कळतं, आणि ही ओढ खोटी आहे असं मला म्हणायचं नाही. पण खुनी सापडल्याने शोक संपतो ही गोष्ट मात्र खोटी आहे, आणि 'मंक'च्या कर्त्यांनाही ते शेवटी मान्य करावं लागलेलं दिसतं. २००९ मध्ये मालिका संपताना ट्रूडीचा खुनी सापडला, मंकचं ओझं उतरलं. २०२३ मध्ये आलेल्या चित्रपटात मात्र महासाथीनंतरचा मंक पुन्हा आजाराच्या तावडीत आहे, ट्रूडीशी मनातल्या मनात बोलतो आहे आणि जीव देण्याचा विचार करतो आहे. खटला चौदा वर्षांपूर्वी निकाली निघाला होता.

मग शोकातून मंत्रचळ होतो का? कादंबरीकाराला हे समीकरण फार सोयीचं असतं: भाऊ गेला, म्हणून मूल हात धुऊ लागलं, म्हणून भावाचं सत्य उघड झालं की हात धुणं थांबेल. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांत मुलांमधल्या ओसीडी-लक्षणांपैकी साधारण निम्मा वाटा आनुवंशिकतेचा निघतो. आघात, मृत्यू, बाळंतपण अशा घटनांनंतर आजार उफाळतो हे डॉक्टर नेहमी पाहतात. पण घटना ठिणगी टाकते, इंधन आधीपासून साठलेलं असतं. 'द गोल्डफिश बॉय'मधला बारा वर्षांचा मॅथ्यू जंतूंच्या भीतीने स्वतःला खोलीत कोंडून घेतो, रबरी हातमोज्यांची पेटी लपवून ठेवतो आणि खिडकीतून गल्लीची नोंद करत बसतो. शेजारचं लहान मूल गायब होतं तेव्हा त्याला शेवटचं पाहणारा तोच निघतो. तान्ह्या भावाचा मृत्यू आपल्यामुळे झाला ही त्याची समजूत हे पुस्तकातलं दुसरं रहस्य आहे. थॉम्पसनने अवाजवी जबाबदारीची ही भावना अचूक पकडली आहे, आणि दहा-बारा वर्षांच्या वाचकाला ती इतकी स्वच्छ समजावणारी दुसरी गोष्ट शोधायला वेळ लागेल. तरी माझी हरकत राहतेच. जे गुपित सांगितल्यावर मोकळं वाटतं ते गुपित असतं, मंत्रचळ नव्हे. मंत्रचळाला सांगून सांगूनही समाधान होत नाही. रॅट मॅनच्या मित्राला ते पक्कं ठाऊक असणार.

जॉन ग्रीनची कादंबरी या सापळ्यातून कशी सुटते ते जरा सविस्तर पाहण्यासारखं आहे (आणि शेवट उघड केल्याशिवाय ते दाखवता येत नाही, तेव्हा ज्यांना वाचायची आहे त्यांनी हा परिच्छेद सोडावा). ग्रीनला स्वतःला ओसीडी आहे आणि त्याने ते कधी लपवलेलं नाही. इंडियानापोलिसमधली सोळा वर्षांची एझा होम्स. आडनाव मुद्दाम होम्स ठेवलं आहे, वाचकाला चुकवायला. गावातला अब्जाधीश रसेल पिकेट अटक टाळायला पळतो, त्याच्यावर एक लाख डॉलरचं इनाम लागतं आणि एझाची मैत्रीण डेझी तिला या शोधात ओढते. आता मंकच्या शाळेतला लेखक काय करता? एझाच्या एकाग्रतेने धागे जुळवता. ग्रीन तसं करत नाही. एझाची सगळी एकाग्रता स्वतःच्या मधल्या बोटावर खर्ची पडते. अंगठ्याचं नख ती त्या बोटाच्या पेरावर रोवत राहते, जखम उघडते, पाणी पिळून काढते, जंतुनाशक लावते, पट्टी बदलते, आणि थोड्या वेळाने पुन्हा पट्टी काढून पाहते, कारण सी. डिफ या जंतूचा संसर्ग झाला नसेल याची खात्री कशी देणार? शेगडीच्या प्रयोगाचं हे रक्तामांसाचं रूप आहे. अपघात होतो तेव्हा तिला सगळ्यात जास्त लागतं ते गाडीतला वडिलांचा जुना फोन फुटल्याचं, कारण मेलेल्या वडिलांचे फोटो त्यात होते. शोक इथे एका फुटक्या वस्तूत मावतो आणि कुठल्याही उलगड्याची वाट पाहत नाही. मग इस्पितळात ती हात स्वच्छ करायचं द्रव पिते. पिकेटचं काय झालं? तपासातला एक शब्दप्रयोग गावाखालून वाहणाऱ्या पोग्ज रन या ओढ्याच्या तोंडाकडे बोट दाखवत होता, आणि दोघी मैत्रिणी त्या अर्धवट बोगद्यात एका कलाप्रदर्शनाच्या निमित्ताने जातात तेव्हा दुर्गंध येतो. रहस्य सुटतं, पण सुटण्याने कुणाचंच काही भलं होत नाही. एझाचा आजार तर तसूभरही हलत नाही. ग्रीनने रहस्यकथा मुद्दाम पातळ केली, आणि ती पातळ केल्यामुळेच पुस्तक खरं झालं असं मला वाटतं.

यावर पहिला आक्षेप वाचकाच्या बाजूने येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. रहस्यकथा विकत घेणाऱ्याला उत्तर हवं असतं. ते न देणं किंवा हलक्या हाताने देणं ही फसवणूक नाही का? माझं उत्तर असं, की उत्तर द्यावं, पण ते आजाराच्या हातून देऊ नये. खुनी सापडावा, पोलिसांनी त्याला धरावं, आणि मुलीची शंका मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी जिथल्या तिथे असावी. दुसरा आक्षेप जास्त चतुर आहे: उपचार हासुद्धा एक तपासच नाही का? १९६६ साली लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांना भीती वाटणाऱ्या गोष्टींना सामोरं जायला लावलं आणि नंतरच्या ठरलेल्या कृतींपासून रोखलं. आजच्या वर्तनोपचाराची ती पायाभरणी होती. रुग्ण गृहीत धरतो, हात न धुतल्यास भयंकर काही होईल. न धुता वाट पाहायची आणि काय होतं ते बघायचं. गृहीतक, चाचणी, निष्कर्ष: अगदी डिटेक्टिव्हची पद्धत. साम्य खरं आहे, पण एका महत्त्वाच्या जागी ते तुटतं. या उपचारात रुग्णाला 'काही होणार नाही' अशी हमी दिली जात नाही. काही होईलही कदाचित, हे मनात ठेवूनच त्याला जेवायला बसायचं असतं, झोपायचं असतं. औषधंही, बहुतेकदा सेरोटोनिनवर काम करणारी आणि नैराश्यात देतात त्याहून जास्त मात्रेत दिलेली, शंकेचं उत्तर देत नाहीत; तिचा आवाज खाली आणतात. अनिश्चिततेला घरात राहू द्यायचं, हे कुठल्याच डिटेक्टिव्हच्या कामाच्या यादीत नसतं.

तिसरा आक्षेप 'मंक'च्या चाहत्यांचा: या मालिकेमुळे लाखो लोकांना आजाराचं नाव कळलं, रुग्णांना स्वतःसारखा नायक मिळाला, हे थोडं का आहे? थोडं नाही. मोठ्या प्रेक्षकासाठी मी हा मुद्दा मान्यही करीन. पण किशोरवाचकाचं गणित वेगळं आहे. ओसीडी सुरू होण्याचं सरासरी वय अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत एकोणीस-वीसच्या आसपास निघालं, मुलग्यांत तर बरेचदा दहाच्याही आत. म्हणजे अशी पुस्तकं ज्या वयात हातात पडतात, त्याच वयात आजार दार ठोठावतो. भारताच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांमध्ये ओसीडीचं प्रमाण सुमारे ०.८ टक्के आढळलं. टक्का लहान दिसतो, पण आपल्या लोकसंख्येत तो लाखांच्या घरात जातो. त्यातले पुष्कळजण वर्षानुवर्षं डॉक्टरपर्यंत पोचत नाहीत. आपल्याकडे सोवळ्याच्या, स्वच्छतेच्या, देवभोळेपणाच्या पांघरुणाखाली तो बिनबोभाट खपूनही जातो. औषध घेतलं की हुशारी जाईल, असं गोष्टीतून शिकलेलं मूल गोळी नाकारतं तेव्हा ती गोष्ट निव्वळ करमणूक राहत नाही.

या कादंबऱ्यांकडून माझी एक अपेक्षा आहे आणि ती नायकापेक्षा त्याच्या साथीदाराबद्दल जास्त आहे. प्रत्येक डिटेक्टिव्हला एक वॉटसन लागतो. तो प्रश्न विचारतो, दाद देतो, धीर देतो. मंत्रचळ असलेल्या नायकाला असा वॉटसन मिळाला की तो नकळत रॅट मॅनच्या मित्रासारखा वागू लागतो. 'दार लागलंय का?' 'लागलंय.' 'नक्की?' 'नक्की.' घरोघरी आया, भावंडं, मित्र हेच करतात, प्रेमापोटी करतात, आणि प्रत्येक 'नक्की'गणिक पुढच्या प्रश्नाची सोय होते. म्हणून उपचारात घरच्यांनाही शिकवावं लागतं, की विचारलंस तर मी पुन्हा पुन्हा उत्तर देणार नाही, पण इथेच बसून राहीन. हे बाहेरून निष्ठुर दिसतं आणि पानावर लिहायला अवघड आहे, कारण वाचकाला असा मित्र चटकन आवडत नाही. ग्रीनची डेझी पुष्कळांना आवडत नाही. ती आपल्या 'स्टार वॉर्स'च्या कथांमध्ये एझावर बेतलेलं एक वैतागवाणं पात्र घालते, आणि ते वाचून एझा दुखावते तेव्हा गाडीत दोघींचं कडाक्याचं भांडण होतं: तुला माझ्या घरच्यांबद्दल, आमच्या पैशांच्या ओढाताणीबद्दल काय माहीत आहे, कधी विचारलंस का? डेझी काही उपचार करत नाही, तिला तेवढं कळतही नाही. ती फक्त थकलेली आहे, आणि दोघींची मैत्री त्या भांडणानंतरही टिकते.